बॉनव्हिलसाठी बांधलेली 125 सीसी मोटारसायकल विकताना किंमत कशी ठरवायची आणि जाहिरातीत काय लिहायचं?

तुम्ही लिहिलंय की 125 सीसी टू-स्ट्रोक इंजिनची गाडी युटातल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर पळवण्यासाठी बांधलेली आहे, बांधणीला बराच खर्च झाला आहे आणि आता ती कशी विकावी ते कळत नाही.

झालेला खर्च आधी बाजूला ठेवा, तो कोणी भरून देत नाही. इंजिन, कार्ब्युरेटर, पाइप, चाकं, इग्निशन सुटं विकलं तर काय येईल याची बेरीज करा. हा तळाचा भाव. त्याच्या वर जे मिळेल ते गाडी तपासणीत पास होते आणि शर्यतीच्या एखाद्या क्लासमध्ये, म्हणजे गटात, नेमकी बसते म्हणून मिळेल. म्हणून जाहिरातीच्या पहिल्याच ओळीत क्लास लिहा: फ्रेम प्रॉडक्शन (कंपनीची), मॉडिफाइड (बदल केलेली) की स्पेशल कन्स्ट्रक्शन (खास बांधलेली), फेअरिंग (हवा कापणारं आवरण) आहे का, इंधन पेट्रोल की फ्युएल (मिथेनॉलसारखं दुसरं इंधन). एससीटीएचं, म्हणजे बॉनव्हिलच्या शर्यती भरवणाऱ्या संस्थेचं, लॉगबुक असेल तर प्रत्येक पानाचा फोटो द्या. विक्रम तुमच्या नावावर असला तरी तो गाडीबरोबर जात नाही. पण टाइम स्लिप, म्हणजे मोजलेल्या वेगाची चिठ्ठी, जाते. स्पीडोमीटरचा किंवा जीपीएसचा आकडा लिहू नका, स्लिपवरची मैलाची सरासरी लिहा. 2014, 2015 आणि 2022 साली स्पीड वीक, म्हणजे बॉनव्हिलचा दरवर्षीचा वेगाचा मेळा, रद्द झाला होता, त्यामुळे त्या वर्षांची स्लिप नसेल तर तसं सांगून टाका.

जाणकार गिऱ्हाईक पहिल्यांदा मीठ शोधतं. वरून पाणी मारून ते जात नाही. स्टीअरिंग हेड, स्विंगआर्मचे बुश, चाकांचे बेअरिंग, वायरिंगचे कनेक्टर, फ्रेमच्या नळ्यांचं आतलं अंग, सगळीकडे ते बसतं आणि ओल धरून गंज चढवत राहतं. गाडी खोलून धुवा, ग्रीस बदला आणि फेअरिंग काढून फोटो घ्या. गंज आहे तिथे तो दिसू द्या. ताजा रंग मारलात तर गिऱ्हाइकाला उलट शंका येते.

इंजिनसाठी कॉम्प्रेशनच्या आकड्यावर थांबू नका. इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या पेटीत, साधारण 6 पीएसआय हवा भरा आणि काही मिनिटं दाब टिकतो का ते पाहा. त्याहून फार जास्त भरलीत तर सील उडतील. सील गळत असेल तर मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, आणि पूर्ण थ्रॉटलवर पिस्टन सिलिंडरमध्ये धरतो, म्हणजे अडकतो. मिथेनॉल वापरलं असेल तर टाकी आणि फ्लोट बाऊल रिकामे करा, ते आतलं अॅल्युमिनियम खातं.

रायडरचं माप देणं बहुतेक लोक विसरतात, आणि लहान इंजिनच्या गाडीत तेच सगळ्यात महत्त्वाचं. हवेचा विरोध मोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग 10 टक्क्यांनी वाढवायला सुमारे 33 टक्के जास्त ताकद. 125 मध्ये ती नाही. गाडी तुमच्या अंगाच्या मापाने बांधलेली असेल, तर सहा फुटी माणूस फेअरिंगमागे मावणार नाही. सीटपासून फूटपेग आणि हँडलपर्यंतचं अंतर मोजून लिहा, तुमची उंचीही लिहा.

स्टीअरिंग डॅम्पर (हँडल थरथरू न देणारा), मनगटाला बांधायचा टेदर किल स्विच (रायडर पडला तर इंजिन बंद करणारा), सेफ्टी वायर केलेले (तारेने बांधलेले) ड्रेन प्लग, चेन गार्ड, टायरचं स्पीड रेटिंग आणि त्यावरचा चार आकडी तारखेचा कोड: प्रत्येकाचा जवळून फोटो हवा. नियम बदलत असतात, तेव्हा "पास होईल" असा शब्द देऊ नका, शेवटची तपासणी कोणत्या वर्षी झाली ते लिहा. स्प्रॉकेट, जेट (कार्ब्युरेटरमधून किती इंधन जाईल ते ठरवणारा भोकाचा भाग), जादा पिस्टन यांची यादी जोडा.

बिल ऑफ सेलवर, म्हणजे विक्रीच्या कागदावर, फ्रेम नंबर आणि इंजिन नंबर लिहा, गाडी फक्त शर्यतीसाठी आहे आणि रस्त्यासाठी नाही हेही. टायटल, म्हणजे मालकीचा सरकारी कागद, नसेल तर पैसे घेण्याआधी सांगा.

जेटिंगचा कागद टाकीवर चिकटवूनच गाडी द्या. बॉनव्हिल सुमारे 4,200 फुटांवर आहे, तिथल्या विरळ हवेला लावलेला लहान मेन जेट एल मिराजला, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तळ्यावर, 2,800 फुटांच्या आसपास, लीन पडेल. समुद्रसपाटीजवळ तर पहिल्याच पूर्ण थ्रॉटलला पिस्टन जाईल, म्हणून कोणता जेट कुठे आणि किती तापमानात लावला होता ते त्या कागदावर असू द्या.