खदानीचा काठ आणि रस्त्याखालची पाइपलाइन

प्रश्न : आमच्या शेताला लागून दगडाची खदान आहे. विहिरीवरून शेतात नेलेली पीव्हीसी पाइपलाइन खदानीच्या काठाकाठाने येऊन हायवांच्या (खडी-दगड वाहणाऱ्या मोठ्या डंपरांच्या) रस्त्याखालून जेमतेम दोन फूट खोलीवरून जाते आणि सारखी फुटते. काठही बांधाकडे सरकत आहे. पाइप कसा टाकावा आणि काठाला किती उतार हवा?
– एक वाचक, जालना तालुका

उत्तर : रस्त्याचे काम तुलनेने सोपे आहे. भरलेल्या हायवाचा भार पीव्हीसीवर थेट येऊ देऊ नये. पाइप लोखंडी किंवा एनपी-४ वर्गाच्या (जड वाहनांचा भार पेलणाऱ्या) सिमेंट पाइपातून न्यावा. हा बाहेरचा पाइप रस्ता काटकोनात ओलांडणारा, दोन्ही कडांपलीकडे मीटरभर निघालेला आणि माथ्यावर किमान एक मीटर भराव राहील इतका खोल असावा. आतल्या पाइपाला रस्त्याखाली सांधा नको, म्हणून तेवढा तुकडा अखंड एचडीपीईचा (लवचीक, चिवट प्लॅस्टिकचा) घ्यावा. चारीत काळी माती परत लोटू नये, कारण ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांनी मुरूम ओला करून चोपावा. विहिरीकडे व्हॉल्व्ह हवाच. शेत चढावर असेल तर पलीकडेही हवा, नाहीतर मोटार बंद केल्यावरही पाइपातले पाणी मागे येऊन फुटलेल्या जागी वाहत राहते.

मला अधिक काळजी वाटते ती काठालगतच्या पाइपाची. आपल्याकडचा काळा पाषाण लाव्ह्याच्या थरांनी बनलेला असून काही थरांमध्ये तांबड्या मातीचा मऊ पट्टा असतो. कोरडा असताना तो टिकतो, पण गळतीचे पाणी मुरत राहिले की नरमतो आणि वरचा दगड भेगांवर सुटून खाली येऊ शकतो. म्हणून काठालगतचा पाइप आधी हलवावा, रस्ता नंतर पाहावा.

१९६१ च्या धातू खाण विनियमांनुसार माती-मुरुमाच्या बाजूंचा उतार ४५ अंशांहून तीव्र नसावा, किंवा दीड मीटरपेक्षा उंच नसलेल्या आणि उंचीइतक्या तरी रुंद अशा पायऱ्या कराव्यात. काठापासून तीन मीटरांत सुटे दगड, राडारोडा वा झाड ठेवता येत नाही, आणि खालून पोखरून वरचा भाग लोंबता ठेवण्यास सक्त मनाई आहे. सहा मीटर खोलीपर्यंतच्या, पन्नासांहून अधिक माणसे नसलेल्या दगडखाणींना खाणींविषयीच्या कायद्यातील बऱ्याच तरतुदींतून सूट असते. मात्र तेथे सुरुंग उडवले जात असतील तर ती सूट राहत नाही.

काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतातच, त्यामुळे फसगत होते. जमीन आकसल्याच्या भेगा जाळ्यासारख्या चहूकडे जातात आणि पावसात मिटतात. काठाला समांतर धावणारी, एक बाजू खचलेली भेग मात्र घसरणीची असते. तिच्या दोन्ही अंगांना खुंट्या ठोकून त्यांतील अंतर दर आठवड्याला मोजावे. अंतर वाढत असेल तर त्या बाजूला औत, जनावरे आणि माणसे नेऊ नयेत, आणि मोजमापांसह जिल्हा खनिकर्म अधिकारी व खाण सुरक्षा महासंचालनालय या दोघांकडे लेखी तक्रार करावी.