आधी उमेद, की आधी उठणं?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला, वय 51. आमचे मायनिंगचे दोन ट्रक होते. 2012 ला खाणी बंद पडल्या तेव्हा कसाबसा तग धरला, परत सुरू झाल्या तर 2018 ला सुप्रीम कोर्टानं 88 लीज रद्द केल्या आणि सगळंच ठप्प. एक ट्रक विकला, दुसरा भंगारात गेला. आता एका फॅक्टरीत सिक्युरिटीला आहे. ड्युटीवरून आलो की कॉटवर पडायचं नि मोबाईल. पूर्वी देवळाच्या उत्सवात नाटकात काम करायचो, आता तालमीला बोलवायला येतात तरी नको म्हणतो. रोज सकाळी ग्रुपवर मेसेज येतात, संकट हीच संधी, उठा नि लढा, ते वाचून उलट वाटतं की लोक संकटातून मोठे होतात, मी मात्र जिथल्या तिथं. मोटिव्हेशन आणायचं कुठून?
– एक वाचक

उत्तर : दादा, पहिलं काम म्हणजे तो ग्रुप म्यूट करा. मनावर घेऊ नका, पाठवणाऱ्यांनाही बहुतेक दुसऱ्या कुणी पाठवलेलं असतं.

तुमचे ट्रक आळसामुळे नाही थांबले. तुमच्या भागात ट्रकवाल्याबरोबर ड्रायव्हर, गॅरेजवाला, टायरवाला, बार्जवरचे लोक, रस्त्यावरची चहाची गाडी सगळेच एकदम बसले, त्याचा हिशोब एकट्यानं स्वतःच्या नावावर कशाला मांडताय? आता लिलाव होऊन काही खाणी परत चालू झाल्यात, त्यामुळे 'बघूया, होईल काहीतरी' म्हणून वाट बघण्यातही माणसाचे दिवस जातात, तेवढं सांभाळा.

संकटातून माणूस घडतो, हे अगदीच खोटं नाही. टेडेस्की आणि कॅल्हून या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी यावर बरीच वर्षं काम केलंय. पण त्यांचं म्हणणं मेसेजवाल्यांसारखं नाही हां. संकट आपोआप काही शिकवत नाही, माणूस त्याच्याशी झगडतो त्यातून काही बदललं तर बदलतं, सगळ्यांचंच बदलत नाही, आणि बदललं तरी दुःख संपत नाही, दोन्ही बरोबरच राहतं. तेव्हा मी अजून मोठा का झालो नाही ही नवी काळजी तरी डोक्याला लावून घेऊ नका.

आता मोटिव्हेशनचं. आधी उमेद येते मग माणूस उठतो असं आपण धरून चालतो, पुष्कळदा ते उलटंच असतं. आणि हे आपल्या गोव्यातच तपासून झालंय. इथल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत डिप्रेशन असलेल्या लोकांबरोबर साध्या ट्रेनिंग घेतलेल्या समुपदेशकांनी काम केलं, डॉक्टर नव्हेत ते, साधारण सहा ते आठ भेटी, आणि भर कशावर तर बंद पडलेली छोटी छोटी कामं परत सुरू करण्यावर. नेहमीच्या उपचारांपेक्षा यानं जास्त लोक बरे झाले, 2017 ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय.

म्हणून तालमीला जा. भूमिका घेऊ नका, पाठांतराचं टेन्शन नको. प्रॉम्प्टिंगला उभे राहा, विंगेत वही नि टॉर्च घेऊन, कोण कुठं अडखळतो ते तुम्हाला पुस्तक न बघता कळेल. जायचं मन नसणारच, तरी जा, नऊला कंटाळा आला तर नऊला घरी या. ड्युटीवरून आल्यावर युनिफॉर्म काढायच्या आधी कॉटवर बसायचं नाही हा एक नियम करा, चहा पडवीत घ्या. आणि कॅलेंडरच्या चौकोनात रात्री दोन शब्द लिहा, आज काय केलं आणि नंतर बरं वाटलं की नाही. पंधरा दिवसांनी त्यात काहीतरी दिसेल, नाही दिसलं तर काम बदलून बघू, तालमीच्या जागी भजन, नाहीतर परसातली झाडं.

एक मात्र विचारते. झोप, भूक गेलीय का, कशातच रस नाही असं दोन आठवड्यांहून जास्त चाललंय का, जगून काय उपयोग असं मनात येतं का? यातलं काही असेल तर हे नाटकबिटक राहू दे, आधी जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवा, ते गरज पडली तर बांबोळीच्या सरकारी मानसोपचार इस्पितळात पाठवतील. बांबोळीला ओळखीचं कोणी बघेल म्हणून पाय निघत नसेल तर 14416 वर फोन लावा, टेली मानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी लाईन आहे, पैसे पडत नाहीत, रात्रीबेरात्रीही लागते. शेवटचा विचार मनात येत असेल तर मात्र आजच लावा, आणि लावताना वहिनींना शेजारी बसवा.