लोकांसमोर चित्र काढायचं का?

प्रश्न : ताई नमस्कार, मी सांगलीचा, जी.डी. आर्ट झालंय, पोर्ट्रेट करतो. एका कॉलेजच्या गॅदरिंगला स्टेजवर पोर्ट्रेटचं प्रात्यक्षिक द्यायला बोलावलंय, समोर तीनशे मुलं असतील. मी दोन तास मागितले तर आयोजक म्हणतात, एवढा वेळ कोणी बसणार नाही, १५ मिनिटांत म्युझिकवर काहीतरी करा, शेवटी कॅनव्हास उलटा फिरवला की चेहरा दिसला पाहिजे. घरी बाबा म्हणतात चित्र ही एकट्याने बसून करायची गोष्ट, स्टेजवर कसली चित्रं काढतोस. हो म्हणू का?

उत्तर : हो म्हण, पण दोन तासांनाच.

आधी बाबांचं बघू. गवई रियाज घरी करतो पण राग उलगडतो तो मैफलीत, लोकांसमोर, पुढची जागा कशी घ्यायची ते तिथल्या तिथे ठरवत, आणि त्याला कोणी म्हणत नाही की घरी गाऊन या आणि इथे फक्त ऐकवा. मग चित्रकारालाच का? पालखीच्या वाटेवर रांगोळी घालणाऱ्यांना बघ, मागून दिंड्या येतायत, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी आहेत आणि यांचे हात चाललेत, थोड्या वेळात सगळं पायाखाली जाणार हे माहीत असून. ती रांगोळी होताना बघणं हीच तर ती रांगोळी.

मोठ्या चित्रकारांनीही हे केलंय. लंडनमधे १८३४ च्या ऑक्टोबरमधे पार्लमेंटची इमारत जळाली, ती आग टर्नर या इंग्लिश चित्रकाराने स्वतः पाहिली होती. १८३५ साली ब्रिटिश इन्स्टिट्यूशनच्या प्रदर्शनाला त्याने तिचं चित्र पाठवलं ते जवळजवळ कोरंच, आणि प्रदर्शन उघडायच्या आधी शेवटचा हात फिरवायला जो दिवस मिळायचा त्या दिवशी तिथेच भिंतीसमोर उभं राहून पूर्ण केलं. बाकीचे चित्रकार आपापलं काम सोडून बघत राहिले, हा कोणाशी बोलेना, काम झालं तसा रंगाचा डबा बंद केला आणि मागे वळून न बघता निघून गेला. मला या गोष्टीत सगळ्यात आवडतं ते हे की लोक बघतायत हे त्याला पक्कं माहीत होतं, तरी नजर चित्रावरच होती.

आता उलटं उदाहरण. १९५० मधे फोटोग्राफर हान्स नामुथ अमेरिकेत जॅक्सन पोलॉकवर, म्हणजे जमिनीवर कॅनव्हास पसरून त्यावर रंग ओघळवणाऱ्या चित्रकारावर, फिल्म करत होता. थंडीचे दिवस, उघड्यावर काम, पोलॉकला काचेवर रंग टाकायला लावलं आणि खालून कॅमेरा. कॅमेऱ्याच्या सोयीने सुरू करायचं, थांबायचं. शूटिंग संपलं त्या संध्याकाळी जवळपास दोन वर्षं सुटलेली दारू त्याने परत हातात घेतली. फक्त शूटिंगमुळेच घेतली असं मी म्हणणार नाही, पण काम करणं वेगळं आणि काम करताना दिसणं वेगळं, आणि दुसरं माणसाला आतून पोखरतं हे मला पटतं.

म्हणून ते १५ मिनिटांचं उलट्या कॅनव्हासचं मी तुला करू नको म्हणतेय. ते कौशल्य आहेच, त्याला भरपूर सराव लागतो, पण त्यात सगळं आधीच ठरलेलं असतं आणि लोकांना फक्त शेवट बघायला मिळतो. ठरवताना बघणं वेगळंच असतं.

माझ्या पहिल्या प्रात्यक्षिकाला तिथलेच शिपाईमामा मॉडेल म्हणून बसले होते. पाऊण तासाने पुढच्या रांगेतली एक मुलगी मोठ्याने म्हणाली, "मॅडम, मामांचं नाक एवढं लांब नाहीये." बघितलं तर खरंच लांब झालं होतं. टर्पेंटाइनच्या चिंधीने नाक अख्खं पुसून टाकलं आणि चेहऱ्याच्या मधोमध नुसता तपकिरी डाग राहिला, हॉलमधली कुजबुज एकदम थांबली. तोपर्यंत निम्मी मुलं मोबाईलमधे होती, त्यानंतरची वीस मिनिटं कोणी मान खाली घातली नाही. पुढे ब्रेकमधे मामा स्वतः चित्र बघून गेले, मिशी सारखी केली आणि परत बसले ते एकदम ताठ, छाती काढून, सगळी मानच बदलली. मग त्यांना हळूच म्हटलं, मामा, मगाशी चहाची वाट बघत बसला होतात ना, तसं बसा.

तर तुझ्यासाठी. मॉडेलला २०-२५ मिनिटांनी उठू दे पण त्याआधी खुर्चीच्या आणि पायांच्या भोवती खडूने खुणा करून घे. स्टेजवरचे सगळे दिवे चालू नको, एका बाजूने एकच चांगला लाईट माग. ईझल असं लाव की मॉडेल आणि कॅनव्हास दोन्ही एका नजरेत दिसतील. सुरवातीची दहा मिनिटं बोल, काय शोधतोयस ते सांग, मग सांगून टाक की आता मी गप्प बसणार. चुकलं तर लपवू नको, सगळ्यांदेखत पूस. म्युझिक नको म्हण, ब्रशचा आवाज मागेपर्यंत जाऊ दे.

आणि बाबांना घेऊन जा. पहिल्या रांगेत मधोमध नको, जरा कडेला, तुझं पॅलेट दिसेल अशा खुर्चीवर.