मशीनवरची धोक्याची लेबलं थिनर, कूलंट आणि कॉस्टिकला टिकतील अशी कशी बनवायची?

तुम्ही लिहिलंय की सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन), पार्ट धुण्याचं मशीन आणि ॲसिड पिकलिंगची (ॲसिडने धातूवरचा गंज काढण्याची) टाकी, तिन्ही ठिकाणी एकच व्हिनाइलचं स्टिकर लावता. दोन-तीन महिन्यांत ते पुसलं जातं नाहीतर सोलून निघतं, आणि लॅमिनेशन करूनही फरक पडला नाही.

पडणारही नव्हता. लेबल बहुतेक वेळा वरून नाही, कडेने मरतं. कूलंट (धातू कापताना हत्यार गार ठेवणारं द्रव) किंवा तेल कडेतून गममध्ये शिरतं, गम मऊ होतो, कोपरा उचलतो आणि पुढचं काम पुसणाऱ्याचं कॉटन वेस्ट करतं. लॅमिनेशनमुळे अक्षरं वाचतात, पण लेबल आणि वरची फिल्म एकाच रेषेत कापली की चारही कडा उघड्याच. त्यात व्हिनाइल मऊ राहावं म्हणून घातलेलं प्लॅस्टिसायझर हळूहळू गममध्ये उतरतं, थिनर लागला तर आणखी लवकर बाहेर पडतं. स्टिकर आकसतं आणि भोवती काळी चिकट चौकट उरते. ती दिसली की समजा, दोष छापणाऱ्याचा नाही, मालाचा आहे.

तिन्ही ठिकाणी एकच लेबल चालवण्याचा हट्ट सोडा. तिथली रसायनं वेगळी, तसा मालही वेगळा लागेल.

सीएनसीचं काम सोपं आहे. पाण्यात मिसळायचं कूलंट साधारण ८.५ ते ९.५ पीएचचं, म्हणजे सौम्य अल्कली. ५० मायक्रॉनचं पॉलिएस्टर, त्याला पर्मनंट ॲक्रिलिक गम आणि थर्मल ट्रान्स्फर प्रिंटरवर (उष्णतेने रिबनवरची शाई लेबलावर उतरवणारा) फुल रेझिन रिबन, एवढं पुरतं. वॅक्स किंवा वॅक्स-रेझिन रिबन स्वस्त पडते, पण तेलकट बोटानेही पुसली जाते. रेझिनला उष्णता जास्त लागते. हीट वाढवा, वेग कमी करा, नाहीतर नवं लेबलही नखाने खरवडलं जाईल. रबर बेस गम तेलात विरघळतो, म्हणून माल घेताना गम कुठला ते विचाराच. 'चांगला गम आहे' हे उत्तर नव्हे.

लाल, केशरी, पिवळा पट्टा आधी छापून घ्यावा लागतो, कारण रिबन एका वेळी एकच रंग देते. नग जास्त असतील तर मी दुसरा रस्ता धरेन: पारदर्शक पॉलिएस्टरवर मागच्या बाजूने उलटी स्क्रीन प्रिंटिंग. आधी काळी अक्षरं, मग रंग, मग पांढरा थर, शेवटी गम. शाई १२५ मायक्रॉन फिल्मच्या खाली राहते, त्यामुळे पुसायला वर काही उरतच नाही. मशीनच्या कीपॅडचं पॅनेल याच पद्धतीने बनतं. प्रत्येक रंगाला वेगळा स्क्रीन लागतो, म्हणून दहा-वीस नगांना हे परवडत नाही. प्रिंटर पॉलिकार्बोनेट सुचवेल, कारण त्यावर छपाई सोपी. थिनर असेल तिथे ते घेऊ नका. ॲसिटोन आणि टोल्युइनने ते धुरकट होतं, मग तडकतं. वरून छापायचंच असेल तर हार्डनर घालून वापरायची टू-पॅक शाई घ्या. ती हाताला तासाभरात कोरडी लागते, पण रसायनाला तोंड द्यायला साध्या तापमानात ५ ते ७ दिवस घेते. सकाळी छापून संध्याकाळी लावलेली लेबलं इथेच मार खातात.

कडेसाठी तीन गोष्टी करा. कोपरे किमान ५ मिमी गोल ठेवा, टोकदार कोपरा पहिला उचलतो. छपाई कडेपासून ३ मिमी आत थांबवा. आणि वरची पारदर्शक फिल्म लेबलापेक्षा चारही बाजूंनी ३ ते ५ मिमी मोठी कापा, म्हणजे ती थेट पत्र्यावर चिकटून कड बंद करेल.

धुण्याच्या मशीनमध्ये गरम कॉस्टिक सोड्याचं द्रावण असेल तर पॉलिएस्टरही विसरा. पॉलिएस्टरचं कापड मऊ पडावं म्हणून गरम कॉस्टिकमध्ये त्याचं वजन मुद्दाम कमी करतात. कापडाला जे तिथे मुद्दाम करतात, तेच तुमच्या लेबलाचं फुकटात होईल. ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमची प्लेट तेल, थिनर, ऊन सगळ्यांत उत्तम, पण कॉस्टिक तिचा थर खातं आणि मग ॲल्युमिनियमही. तिथे ०.८ ते १ मिमी जाडीची स्टेनलेस स्टीलची प्लेट, केमिकल एचिंगने (रसायनाने धातू खाऊन) खोल कोरलेली आणि भट्टीत पक्का केलेला रंग भरलेली, हेच योग्य. रंग गेला तरी खाच वाचता येते. फायबर लेझरने पृष्ठभाग नुसता काळा केलेली खूण घेऊ नका; ॲसिडने सफाई झाली की ती फिकी पडते. लेझरच वापरायचा तर खोदकाम मागा.

पिकलिंगला हायड्रोक्लोरिक ॲसिड असेल तर स्टेनलेसही नको, ३१६ हा वरचा ग्रेड सुद्धा. क्लोराइडने खड्डे पडतात, आणि वाफ टाकीपासून बरीच लांब जाते. दोन रंगांच्या थरांची ३ मिमी एचडीपीई (कडक पॉलिथिन) शीट घ्या, वर पिवळी, आत काळी. राउटरने (कोरायच्या मशीनने) वरचा थर कोरला की काळी अक्षरं उघडी पडतात. रंग शीटच्याच अंगात असतो. मात्र एचडीपीई आणि पॉलिप्रॉपिलीनला साधा गम धरत नाही, म्हणून ती प्लॅस्टिकच्या स्क्रूने बसवा. इलेक्ट्रिकल पॅनेलच्या दारावर मात्र स्क्रू-रिव्हेटसाठी भोक पाडू नका. धातूचा कीस आत पडतो आणि पॅनेलचं पाणी-धुळीपासूनचं संरक्षणही जातं.

आता लावणं. निम्मी लेबलं इथे वाया जातात. पत्रा थिनरने पुसून लगेच लेबल लावतात. थिनर तेलाचा पातळ थर पसरवतो आणि रंगही मऊ करतो. आधी डिग्रीझरने तेल काढा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन स्वच्छ फडक्याने एकाच दिशेने पुसा आणि सुकू द्या. पत्रा १० अंशांपेक्षा थंड नको. पावसाळ्यात पहाटे गार पडलेल्या मशीनवर दव असतं, ते डोळ्यांना दिसत नाही. खरखरीत पावडर कोटिंगवर २५ मायक्रॉन गम पुरत नाही, ५० चा मागा. मधून कडांकडे स्क्वीजीने (रबर किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने) जोर देऊन दाबा. ॲक्रिलिक गमची पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात. पहिले २४ तास तरी कूलंट उडू देऊ नका. शनिवारी शिफ्ट संपल्यावर लावणं सर्वांत सोयीचं.

मजकुराबद्दल थोडं. चिन्हं आयएसओ ७०१० या सुरक्षा चिन्हांच्या आंतरराष्ट्रीय मानकातलीच घ्या: विजेसाठी डब्ल्यू०१२, हात चिरडण्यासाठी डब्ल्यू०२४, गरम पृष्ठभागासाठी डब्ल्यू०१७. आपल्याकडचं मानक आयएस ९४५७. मशीन अमेरिकेला जाणार असेल तर तिथल्या एएनएसआय झेड५३५.४ मानकाप्रमाणे वरची पट्टी: जीव जाणारच किंवा गंभीर इजा होणारच असेल तिथे लाल, तसं होऊ शकतं तिथे केशरी, किरकोळ ते मध्यम इजेला पिवळी. सगळीकडे लाल लावलं की लाल कुणी वाचत नाही. मराठी अक्षरं २०३ डीपीआय (एका इंचात इतके ठिपके) प्रिंटरवर काढली की अनुस्वार आणि रफार गिळले जातात, म्हणून ३०० डीपीआय वापरा, अक्षर ४ मिमीपेक्षा लहान नको. फाइल देताना मजकूर कर्व्ह करून (अक्षरांचं चित्रात रूपांतर करून) द्या, नाहीतर छापणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर जोडाक्षरं फुटून 'विद्युत' चं भलतंच काहीतरी होतं. लेबल छापून आलं की एखाद्या कामगाराकडून मोठ्याने वाचून घ्या.

ऑर्डर देण्याआधी पाच नमुने मागवा. तोच रंग दिलेल्या पत्र्याच्या तुकड्यावर लावा, ७२ तास थांबा, मग तुमच्याच रसायनात, तुमच्याच तापमानाला अर्धं लेबल २४ तास बुडवा. काढून त्याच रसायनात भिजवलेल्या फडक्याने ५० वेळा घासा आणि कडेला नख लावून बघा. हातमोजे आणि चष्मा घालूनच. अक्षरं गेली असतील तर रिबन किंवा शाई बदला. फिल्म धुरकट झाली तर माल चुकला. आणि फक्त कड उचलली असेल तर नवं लेबल मागवण्याआधी पुसण्याची पद्धत तपासा.