नागपुरातील आमच्या वस्तीत व्यसनमुक्ती केंद्र येत आहे. रहिवाशांच्या सह्यांच्या निवेदनाने ते थांबवता येईल का?

केवळ 'आमच्या वस्तीत नको' या कारणावर ते थांबवता येत नाही; परवानग्यांत त्रुटी असेल तर मात्र हरकत टिकू शकते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ यात मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था मानसिक आजारातच गणल्या आहेत, त्यामुळे रुग्णांना दाखल करून घेणारे केंद्र 'मानसिक आरोग्य आस्थापना' ठरते आणि कलम ६५ नुसार राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी केल्याशिवाय ते चालवता येत नाही; शिवाय कलम १८ हे उपचार मिळण्याचा हक्क देते. म्हणून मानेवाडा असो वा प्रतापनगर, सह्या गोळा करण्याआधी पुढील बाबी विचाराव्यात:

– नोंदणी प्रमाणपत्र आहे का?
– इमारतीच्या त्या वापराला महानगरपालिकेची किंवा, जागा नागपूर सुधार प्रन्यासच्या अखत्यारीत असल्यास, प्रन्यासची मंजुरी आहे का? अग्निसुरक्षेचे काय?
– रात्री डॉक्टर कोण असतो? दारू अचानक बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत उन्माद किंवा झटके येऊ शकतात, म्हणून हा प्रश्न मला इतरांहून अधिक महत्त्वाचा वाटतो.

एक अपवाद लक्षात ठेवावा: रुग्ण दाखल न करता फक्त समुपदेशन करणाऱ्या केंद्राला कलम ६५ ची अट त्याच रीतीने लागू होत नाही, तेथे मुख्य प्रश्न जागेच्या वापराचा, आणि सदनिकेत असल्यास सोसायटीच्या उपविधींचा राहतो.