वाचकांचे प्रश्न : सिग्नल जनरेटरचा क्षीण आउटपुट

प्रश्न : मी लॅमिंग्टन रोडवरून एडी ९८३३ (लहरी निर्माण करणारा आयसी) चे मॉड्यूल आणले. त्याचा आउटपुट जेमतेम ०.६ व्होल्ट पीक-टू-पीक आहे. ७४१ हा ऑपअँप (सिग्नल मोठा करणारा आयसी) लावून तो १० व्होल्टपर्यंत वाढवला आणि फीडबॅकमध्ये (आउटपुट परत इनपुटकडे नेणाऱ्या जोडणीत) पॉट, म्हणजे नॉबने बदलता येणारा रोधक, बसवला. परंतु ५० किलोहर्ट्झला साइन लहर त्रिकोणी दिसते. काय चुकले?
– एक वाचक, दादर

उत्तर : आपली जोडणी नव्हे, तर आयसीची निवड चुकली आहे. ७४१ चा स्ल्यू रेट (आउटपुट बदलण्याचा कमाल वेग) मायक्रोसेकंदाला सुमारे ०.५ व्होल्ट असल्यामुळे ५ व्होल्ट शिखराची साइन लहर त्याला साधारण १६ किलोहर्ट्झपर्यंतच झेपते. त्यापुढे आउटपुट सरळ रेषेत चढतो-उतरतो आणि लहर त्रिकोणी होते. (हा आयसी १९६८ चा आहे, त्याच्याकडून याहून अधिक अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल.)

त्याऐवजी अधिक वेगवान टीएल ०७२ वापरावा. त्यातील दोन्ही ऑपअँपना प्रत्येकी सुमारे ४ पट गेन (वाढ) द्यावा, कारण एकाच टप्प्यात १७ पट घेतल्यास बँडविड्थ (ज्या फ्रिक्वेन्सीपर्यंत गेन टिकतो ती मर्यादा) पावणेदोनशे किलोहर्ट्झच्या आसपास येते. १० किलोओहमचा लिनियर पॉट फीडबॅकमध्ये न लावता दोन टप्प्यांच्या मध्ये लावावा. म्हणजे अँप्लिट्यूड थेट शून्यापर्यंत उतरवता येईल आणि नॉब फिरवल्याने बँडविड्थ बदलणार नाही. मॉड्यूलचा आउटपुट शून्याच्या वरच असतो, म्हणून त्यातील स्थिर (डीसी) भाग अडवण्यासाठी इनपुटला १ मायक्रोफॅरड कपॅसिटर आणि ग्राउंडकडे १०० किलोओहम आवश्यक आहे. सप्लाय अधिक-उणे १२ व्होल्ट ठेवावा. मात्र ५० ओहमचा लोड जोडायचा असल्यास १०० मिलिअँपिअर शिखरप्रवाह लागेल, आणि त्यासाठी पुढे ट्रान्झिस्टर बफर (जास्त प्रवाह पुरवणारा टप्पा) लावावाच लागेल.