हौसेने स्थानिक खेळांवर लिहिताना वेळापत्रकातले बदल, दुरुस्त्या आणि सुट्टीच्या सूचना कशा द्याव्यात?

तुम्ही विचारलंय की नोकरी सांभाळून गावातल्या फुटबॉलवर लिहिता, सामन्याचं वर्णन हातून छान उतरतं, पण ‘उद्याचा सामना पुढे गेला’, ‘परवा नाव चुकलं’, ‘पुढचे दोन आठवडे मी नाही’ असल्या सूचना लिहायच्या म्हटलं की जिवावर येतं. आणि लोक त्या वाचतात तरी का, हीही शंका आहे.

वाचतात. माझ्या अनुभवाने तर वर्णनाच्या आधी त्याच वाचतात.

मी कोल्हापूरचा. आमच्या चौकात तालमीच्या भिंतीला वार्ताफलक आहे, त्यावरचा फुटबॉलचा मजकूर गेली 14 वर्षं मी लिहितोय. पेठेचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण कोल्हापुरात पेठ सांगितली की संघ कळतो आणि मला हे सगळ्यांसाठी लिहायचंय. बाहेरच्यांसाठी एवढंच सांगतो की इथला फुटबॉल तालमींचा आहे, म्हणजे पेठेतल्या तालमींचेच संघ असतात. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावं इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, म्हणजे केएसएची, लीग शाहू स्टेडियमवर होते आणि पुढे उन्हाळ्यापर्यंत एकामागून एक चषक चालू असतात. 2017 साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. सामना दुपारचा असतो, त्यामुळे बघायला येणारा माणूस काम टाकून आलेला असतो. कुणी दुकानाचं शटर अर्धं ओढून, कुणी पाळी बदलून.

सूचनेचं महत्त्व मला कळलं ते एका गडहिंग्लजच्या गृहस्थांमुळे. गडहिंग्लज हेही फुटबॉलवेडं गाव. वळवाचा पाऊस झाला होता, मैदानात पाणी होतं आणि सामना दोन दिवस पुढे गेला होता. मला ते सकाळीच समजलं. पण मी आदल्या दिवशीच्या सामन्याचं वर्णन रंगवण्यात गुंतलो होतो. दुसऱ्या गोलाची चाल फलकावर खडूने काढून दाखवायची होती, बाण वगैरे. पुढे ढकलल्याची ओळ सगळ्यात खाली, उरलेल्या जागेत, बारीक अक्षरात लिहिली. ते गृहस्थ नातवाला घेऊन एसटीने आलेले, बहिणीचं घर आमच्या चौकात म्हणून आधी तिकडे टेकले, फलक वाचला, चाल बघून खूशही झाले आणि स्टेडियमवर गेले. फाटक बंद. परत येताना मला म्हणाले, “चाल झकास काढलायसा ओ, पण म्याच न्हाई हे वर लिहायचं की.” रागावले नाहीत. पोरगं मात्र रडवेलं झालं होतं, गळ्यात संघाचा मफलर तसाच. तेव्हापासून फलकाचा वरचा चौथा भाग मी सूचनांसाठी राखून ठेवलाय. सूचना नसली तर तो भाग काळाच राहतो, पण वर्णन तिथे चढत नाही. लोकांना सवय लागली की वरचा भाग कोरा दिसला तरी त्यातून कळतं, सगळं ठरल्याप्रमाणे आहे.

आता शब्दांचं बोलतो, कारण खरा घोळ तिथे होतो. ‘सामना होणार नाही’ असं कधीही लिहू नका. सामना रद्द झाला असेल, पुढे ढकलला असेल किंवा सुरू होऊन मध्येच थांबवला असेल, आणि तिन्हींचा अर्थ वेगळा. रद्द म्हणजे आता तो खेळलाच जाणार नाही. पुढे ढकलला म्हणजे नवी तारीख आहे किंवा येणार आहे. मध्येच थांबवला असेल तर उरलेला वेळ खेळवायचा, पुन्हा पहिल्यापासून खेळवायचा की गुण द्यायचे, ते आयोजक ठरवणार, आणि त्यांचा निर्णय येईपर्यंत आपण एक अक्षरही अंदाजाने लिहायचं नाही. आमच्याकडे समर्थकांचं रक्त लवकर तापतं. अंदाजाने लिहिलेल्या एका ओळीवरून चौकात रात्री 11 पर्यंत माणसं उभी राहिलेली मी पाहिली आहेत.

‘उद्या’ आणि ‘परवा’ हे शब्दही फलकावरून मी कायमचे काढून टाकले. फलक आज लिहिला तरी कुणी दोन दिवसांनी वाचतो. त्याचा उद्या वेगळा. त्याऐवजी वार, तारीख आणि वेळ अशी तिन्ही लिहितो. वार आणि तारीख दोन्ही लिहिण्यात एक फायदा असा की माझी चूक झाली तर वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येते. 12 तारखेला गुरुवार लिहिला आणि असला बुधवार, तर कुणीतरी टोकतंच.

माझी सूचना साधारण अशी असते: “सामना पुढे ढकलला. बुधवार 12 तारखेचा दुपारी 4 चा सामना आता शुक्रवार 14 तारखेला दुपारी 4 वाजता. कारण, मैदान ओलं. गुरुवार 13 तारखेचे सामने ठरल्याप्रमाणे.” शेवटचं वाक्य बरेच जण विसरतात. एक सामना हलला की लोकांना वाटतं पुढचं सगळंच हललं. जे बदललेलं नाही तेही सांगावं लागतं. आणि कारण द्याच, चार शब्दांत का होईना. चैत्रात जोतिबाची यात्रा असते, पोलिस बंदोबस्त तिकडे लागतो आणि आमच्या सामन्याला माणूसबळ मिळत नाही. हे लिहिलं की माणूस समजून घेतो. कारण दिलं नाही तर तो स्वतः कारण शोधतो, आणि ते बहुतेक वेळा दुसऱ्या संघाच्या नावावर जातं.

जुनी सूचना पुसून नवी लिहू नका, हेही सांगतो. आधीची वेळ एका रेघेने खोडायची, वाचता येईल अशी ठेवायची आणि शेजारी नवी लिहायची. ज्याने सकाळी वाचलं त्याला संध्याकाळी कळलं पाहिजे की हे बदललं. नुसती नवी वेळ दिसली तर त्याला वाटतं आपणच सकाळी चुकीचं वाचलं.

गुणतक्त्याचं काम कंटाळवाणं आहे, पण तिथेच विश्वास बसतो. विजयाला 3, बरोबरीला 1, गोलफरक, हे सगळे लिहितात. सामने पुढेमागे झाले की कुणाचे चार झालेले असतात, कुणाचे सहा, म्हणून ‘खेळलेले सामने’ हा रकाना कधी गाळू नका. आणि तक्त्याच्या डोक्यावर ‘अमुक तारखेच्या सामन्यापर्यंत’ एवढं लिहा. एवढ्या एका ओळीने आमच्या चौकातले निम्मे वाद मिटले.

दुरुस्तीबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण तुमच्या प्रश्नात ‘नाव चुकलं तर पुढच्या वेळी बरोबर लिहितो, वेगळं सांगत नाही’ असं आहे. असं करू नका. मनापासून सांगतो.

एका सामन्यात पाऊस नुकताच थांबलेला, सगळ्यांच्या जर्सी चिखलात माखलेल्या, गोलपुढे गर्दी. चेंडू आत गेला. मी तो नेहमीच्या आघाडीवीराच्या नावावर लिहिला. प्रत्यक्षात शेवटचा पाय लागला होता एका 17 वर्षांच्या पोराचा, वरिष्ठ संघाकडून त्याचा पहिला गोल. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची आई भाजीची पिशवी हातात घेऊन फलकासमोर उभी होती. वरपासून खालपर्यंत वाचत होती, बोट फिरवत. मग पुन्हा वरून. काही न बोलता निघून गेली. मी समोरच्या चहाच्या गाड्यावर होतो, मला कळेना काय शोधत होती. तासाभराने संघाच्या एका खेळाडूने सांगितलं. मी आणखी दोघांकडून खात्री करून घेतली, तेवढ्याने दुपार झाली. मग त्याच जागी, त्याच मापाच्या अक्षरात लिहिलं: “दुरुस्ती. कालचा 63 व्या मिनिटाचा गोल,” आणि पोराचं नाव. “काल फलकावर दुसरं नाव लिहिलं होतं, ती चूक फलक लिहिणाऱ्याची.” खडू साखरेच्या पाण्यात भिजवून घेतला, कारण भिजवलेला खडू वाळला की पांढराशुभ्र दिसतो आणि हाताने पुसला जात नाही. संध्याकाळी त्याचे वडील आले आणि मोबाइलवर फोटो काढून गेले. तो फोटो त्यांच्या घरात फ्रेम करून लावलाय, मी पाहिलाय. दुरुस्तीच्या ओळीसकट.

म्हणून चूक ज्या मापात झाली त्याच मापात दुरुस्ती हवी. ठळक चूक आणि कोपऱ्यातली दुरुस्ती, हा अन्याय आहे.

दुसरी चूक माझी नव्हे, पण आमच्याच फलकावरची. 1 ऑगस्ट 2024 ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं, 451.4 गुण. फुटबॉलचा हंगाम नव्हताच, आम्ही अख्खा फलक त्याला दिला. उत्साहाच्या भरात एका पोराने मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘महाराष्ट्राचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक’. तालमीतले एक जुने पैलवान काठी टेकत आले, वाचलं आणि तिथेच थांबले. “खाशाबा कुठं गेलं रं?” एवढंच म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्य मिळवलं, तेही कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरहून येऊन कोल्हापुरात राजाराम कॉलेजात शिकलेले. त्यांना ऑलिंपिकला जाता यावं म्हणून त्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं होतं. हे सगळं ज्या गावात घडलं त्या गावच्या फलकावर ‘पहिलं’? आम्ही लगेच ‘पहिलं’ खोडलं आणि लिहिलं, ‘खाशाबांनंतर 72 वर्षांनी’. त्या पोरानेच लिहिलं, माझ्याकडून खडू मागून घेऊन. मला तर वाटतं दुरुस्तीनंतरची ती ओळ आधीच्यापेक्षा कितीतरी मोठी झाली. ‘पहिला’, ‘सर्वाधिक’, ‘आजवर कधीच’ हे शब्द हाताशी आले की एकदा थांबून जुन्या माणसाला विचारा.

आता तुमच्या सुट्टीचं. हौसेने लिहिणाऱ्याला वाटतं, आपण कोण मोठे, आपण नसल्याचं काय जाहीर करायचं. पण रोज फलकासमोर थांबणारी माणसं असतात. मार्चअखेर माझ्या नोकरीत मान वर करायला फुरसत नसते. पहिल्या वर्षी मी न सांगता गायब झालो, आणि 15 दिवस एकाच सामन्याचा निकाल तसाच राहिला. लोकांनी घरी येऊन आईला विचारलं, पोरगा बरा आहे ना. तेव्हापासून आधी लिहितो: “20 मार्च ते 2 एप्रिल सामन्यांचं वर्णन येणार नाही. निकाल आणि वेळा मात्र रोज संध्याकाळी 7 पर्यंत लिहिल्या जातील.” दुसरं वाक्य लिहिता यावं म्हणून एक माणूस तयार केला. तुम्हीही करा. वर्णन थांबलं तर लोकांची हरकत नसते, वेळा थांबल्या तर त्यांची पंचाईत होते. आणि परतायची तारीख पक्की नसेल तर ती देऊ नका. ‘लवकरच’ तर मुळीच नको. ‘परतल्यावर याच जागी कळवीन’ पुरतं.

फार वैयक्तिक कारण सांगायची गरज नाही. मी वडिलांच्या आजारपणात फक्त ‘घरगुती कारणाने’ एवढं लिहिलं होतं. लोकांनी आदराने तेवढ्यावर भागवलं.

एक सूचना वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून टाका: आपण काय लिहिणार नाही. माझ्या फलकावर दुसऱ्या पेठेला उद्देशून टोमणा नसतो, गॅलरीतल्या घोषणा नसतात, भांडणाचं वर्णन नसतं, आणि दुखापत झालेल्या लहान खेळाडूचं नाव घरच्यांना विचारल्याशिवाय नसतं. हे दर हंगामाच्या पहिल्या दिवशी लिहितो. एकदा आमचेच काही कार्यकर्ते रागावून आले होते, समोरच्या संघाला चार शब्द सुनावून लिही म्हणून. मी पहिल्या दिवशीची ओळ दाखवली. ते कुरकुरत गेले, पण गेले. आणि त्या वर्षी समोरच्या पेठेतले लोक निकाल बघायला आमच्या चौकात यायला लागले. त्याचा मला फार आनंद आहे.

यंदाच्या हंगामाची शेवटची सूचना मी जूनमध्ये लिहिली. पाऊस लागला होता, फलकावर प्लास्टिक बांधून खालून हात घालून लिहावं लागलं. “हंगाम संपला. सामने पुन्हा सुरू होतील तेव्हा तारीख याच जागी. पुढच्या हंगामात वेळा आणि निकाल नवी व्यक्ती लिहील, वर्णन मी लिहीन.” नवी व्यक्ती म्हणजे तालमीसमोर राहणारी बारावीतली मुलगी, गेली दोन वर्षं माझ्या शेजारी उभी राहून स्कोअर वहीत टिपणारी. खडूंचा डबा तिच्याकडे दिलाय. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, “काका, वरचा भाग रिकामाच ठेवायचा ना?”